गाडीवाट

डब्यावर 'ड्राइव्ह-वे अलार्म' असं लिहिलं होतं.
आम्ही तिला गाडीवाट म्हणतो:
गिरणाऱ्याच्या डांबरीपासून ओट्यापर्यंत
एकशे चाळीस पावलं,
डावीकडे थॉमसनचा प्लॉट, उजवीकडे शेततळं,
मधे शेवग्यापाशी एक वळण.
तिथला माणूस घरातून दिसत नाही.

टायगर तिथंच बसायचा.
मार्गशीर्षात बिबट्यानं त्याला नेलं.
खांबाला साखळी तेवढी राहिली,
आणि अर्धी भाकरी.
नाव टायगर ठेवलं होतं आपण, याचं अजून हसू येतं,
आणि मग येत नाही.

ह्यांची सातपूरला आठवड्याआड रात्रपाळी.
त्यांनीच एम.जी. रोडवरून आणला तो डबा,
साडेतीन सांगितले, अठ्ठावीसशेला दिला.
वायर नाही, खोदकाम नाही.
खांबावर साबणाच्या वडीएवढा डोळा,
माझ्या फ्रीजवर त्याचं तोंड.
डोळ्यासमोरून कोणी गेलं की तोंड वाजतं: टिंग-टाँग.

'अडवतं का पण हे कोणाला?'
'अडवत नाही. सांगतं.'
'आणि चोर आला तर?'
'तर तुला कळेल की तो आलाय.
त्याला कळणार नाही, की तुला कळलंय.'
असं बोलून हे डबा घेऊन कामाला गेले. जेवणाचा.

पहिला आठवडा त्या तोंडानं झोपू दिलं नाही.
मुंगूस: टिंग-टाँग.
वाऱ्यावरची शेवग्याची फांदी: टिंग-टाँग, टिंग-टाँग.
ठेत्यांची सुटलेली कालवड.
मग मी फांदी छाटली,
डोळा मांडीएवढा वर घेतला,
आणि कान शिकत गेला.
एकदा, आणि पाठोपाठ फटफटी: दूधवाला.
सात-आठदा, आणि हसणं: खुड्याला येणाऱ्या पेठच्या बायका.
पहाटे तीनच्या पुढे एकदाच, आणि मग काहीच नाही:
तो.
तळ्यावर पाणी पितो, फिरतो, जाताना पुन्हा एकदाच.
त्या दोन टिंग-टाँगांच्या मधे
मी शेळ्यांच्या खोलीवरचा दिवा लावते,
कडी चाचपते,
टायगरसाठी त्याला एक शिवी देते.
पण तो कुठे आहे ते मला ठाऊक असतं,
आणि ठाऊक असलं की झोप लागते.

माघातली रात्र, दीड वाजलेला.
टिंग-टाँग.
लगेच पुन्हा.
मग तिसऱ्यांदा.
फटफटी नाही. हसणं नाही.
मी ओरडले नाही.
बाहेरचे चारही दिवे एकदम लावले,
ठेत्यांना फोन लावला,
आणि मग हात रिकामे राहवेनात म्हणून
परातीवर लाटणं बडवत सुटले.
पळणाऱ्यांनी डोळा परत वाजवला.
मोजले: एक, दोन.
तिसरा वाजेपर्यंत किती वेळ गेला
ते अजून मला सांगता येत नाही.
वाजला.

सकाळी मोटारीच्या केबलला एक खाच,
आणि चिखलात पक्कड, हिरव्या मुठीची.
पक्कड चांगली आहे. वापरतेय.

बायका विचारतात, कुत्रं का नाही पाळत पुन्हा?
पाळू.
पण याला भूक नाही, नाव नाही,
याला कोणी नेलं तर खांबावर दोन स्क्रू राहतील.

काल संध्याकाळी सेल बदलायला गेले.
झाकण लावलं, आणि चालतोय का बघायला
डोळ्यासमोरून एक चक्कर मारली.
इथून घरातलं टिंग-टाँग ऐकू येत नाही.
ऐकू आली ती प्रांजल,
अभ्यास टाकून ओट्यावर आलेली,
आवाज मुद्दाम जाड केलेला:
'कोण आहे?'

वळणाच्या अलीकडे मी, हातात जुने सेल,
तिला न दिसणारी.
'मी आहे गं,' म्हटलं.
'मीच.'